तीस ओळींचा कागद

न्यूयॉर्क बंदरात उतरणाऱ्या सामान्य माणसाची अमेरिका एका यादीतल्या ओळीपासून सुरू व्हायची. यादीचा कागद चांगला ऐसपैस, टेबलभर पसरणारा. उभे रकाने, आडव्या ओळी. ओळी बरोबर तीस. तीसच का, तर १८९३ च्या कायद्यात तसं लिहिलेलं होतं. आगबोटीवरच्या परदेशी प्रवाशांची नावं तीस-तीसच्या गटांत लिहायची, गटाला क्रमांक किंवा अक्षर द्यायचं आणि प्रत्येक प्रवाशाला त्याच्या नावाची, पानाची नि ओळीची चिठ्ठी द्यायची. ही चिठ्ठी मग डगल्याला टाचणीनं लावलेली असायची. न्यूयॉर्क बंदरातलं परदेशी प्रवाशांच्या तपासणीचं बेट म्हणजे एलिस आयलंड. तिथल्या जुन्या फोटोंत बायाबापड्यांच्या छातीवर जे कागदी बिल्ले दिसतात, ते हेच.

यादी लिहिली जायची नेपल्सला, हॅम्बुर्गला, ब्रेमेनला किंवा लिव्हरपूलला. लिहिणारा कारकून जहाज कंपनीचा. एलिस आयलंडवरच्या तपासनीसाच्या हातात ती तयारच यायची. तो वाचून विचारायचा आणि खूण करायचा. त्यामुळे 'आमच्या पणजोबांचं आडनाव तिथल्या साहेबाला उच्चारता येईना, म्हणून त्यानं बदलून टाकलं' ही अमेरिकेत घरोघरी सांगितली जाणारी गोष्ट बहुतेक वेळा खरी नसते. तपासनिसाला नाव नव्यानं लिहायचंच नव्हतं, शिवाय मदतीला दुभाषे होते. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेल्लो ला गार्डिया १९०७ ते १९१० या काळात तिथे दुभाष्याचंच काम करत होते. नावं बदलली ती नंतर, आणि लोकांनी आपणहून. दुकानाच्या पाटीवर, मुलाच्या शाळेत, कारखान्याच्या हजेरीपटावर, नागरिकत्वाच्या अर्जात. हे नावांचं प्रकरण पुढे एका भलत्याच हिशेबात डोकं वर काढतं, म्हणून आताच सांगून ठेवलं.

रकान्यांची संख्या काळाबरोबर वाढत गेली. प्रवाशांची यादी द्यायची सक्ती १८१९ च्या कायद्यानं आणली, तेव्हा नाव, वय, लिंग, धंदा, कुठून आला, कुठे जाणार एवढंच हवं होतं. त्या कायद्याचा मूळ रोख तर जहाजातल्या गर्दीवर होता: जहाजाच्या दर पाच टनांमागे दोनच प्रवासी. १९०७ च्या सुमारास रकाने २९ झाले होते. कोणत्या साली देश कशाला घाबरला होता, ते त्या रकान्यांवरून कळतं. १८८५ ला परदेशातून करार करून मजूर आणायला बंदी झाली, तेव्हा 'नोकरी ठरली आहे का' आलं. १८९१ च्या कायद्यानंतर 'बहुपत्नीक आहात का' आलं. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचा एका अराजकवाद्यानं खून केला, आणि १९०३ पासून 'अराजकवादी आहात का' हाही प्रश्न आला. खुनी स्वतः मिशिगनमध्ये जन्मलेला होता, त्याला या रकान्यानं काही अडवलं नसतं, पण रकाना आला तो आलाच. असे प्रश्न विचारून कुणी 'हो' म्हणेल असं लिहिणाऱ्यांनाही वाटत नसावं. खोटं बोललात हे पुढे सिद्ध झालं की हाकलायला सोपं जातं, हा त्यातला खरा उपयोग.

आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला पोचल्या तेव्हा यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. व्हिसा नव्हता. आदल्या वर्षीच्या कायद्यानं माणशी ५० सेंट डोईपट्टी बसवली होती, ती जहाजवाल्यांनी भरायची. आणि गुन्हेगार, वेडे व स्वतःचं पोट भरू न शकणारे तेवढे अडवायचे. मात्र त्याच १८८२ मध्ये चिनी मजुरांना देश बंदही झाला होता. 'पूर्वी सगळ्यांना दार उघडं होतं' असं म्हणणाऱ्यानं हे दुसरं वाक्य सोडू नये.

एलिस आयलंडचं केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं. पहिली इमारत लाकडी, ती जून १८९७ मध्ये जळाली. विटांची नवी इमारत डिसेंबर १९०० मध्ये उघडली आणि १९५४ ला केंद्र बंद होईपर्यंत सव्वा कोटीच्या आसपास माणसं तिथून गेली. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना हे बेट सहसा दिसायचंच नाही, त्यांची तपासणी जहाजावर केबिनमध्ये व्हायची. तळाच्या वर्गातल्यांना मात्र धक्क्यावरून होड्यांत भरून बेटावर नेत.

वैद्यकीय तपासणी जिन्यावरच सुरू व्हायची, आणि चढणाऱ्याला त्याचा पत्ता नसायचा. गाठोडी-पेट्या घेऊन माणसं वरच्या मोठ्या दालनाकडे चढायची आणि डॉक्टर नुसते बघत राहायचे. कुणाला धाप लागते, कोण पाय ओढतो, कोण कठड्याला धरतो. एका माणसाला काही सेकंदच मिळायचे. शंका आली की डॉक्टर डगल्यावर खडूनं अक्षर काढायचा: हृदयासाठी 'एच', लंगडेपणासाठी 'एल', डोळ्यांसाठी 'ई', अंतर्गळासाठी 'के', गलगंडासाठी 'जी', डोक्यातल्या खवड्यासाठी 'एससी', गरोदर बाईसाठी 'पीजी'. 'एक्स' म्हणजे मानसिक दुबळेपणाची शंका, त्याभोवती गोल काढला तर जवळपास खात्री. अक्षर पडलेला माणूस रांगेतून बाजूला. बाकीचे पुढे.

सगळ्यात धास्ती डोळ्यांच्या डॉक्टरची. खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा हा तेव्हा आंधळं करणारा, संसर्गजन्य आणि खात्रीचा इलाज नसलेला रोग. तो पापणीच्या आतल्या बाजूला दिसतो, म्हणून पापणी उलटून बघायला लागायची. डॉक्टर ती बोटानं उलटत किंवा बुटांची बटणं घालायच्या आकड्यानं. दिवसाला हजारो पापण्या. खुपऱ्या निघाल्या की परतीचं जहाज जवळपास ठरलेलं.

'एक्स' पडलेल्यांना आणखी चाचण्या असत. भाषा येत नसलेल्याची बुद्धी मोजायची कशी, हा प्रश्न तिथल्या डॉक्टरांना खरोखर पडला होता. आकडेमोड विचारावी तर शाळा न पाहिलेला शेतकरी नापास होणार. मग डॉ. हॉवर्ड नॉक्स यांनी लाकडी ठोकळ्यांची चाचणी बसवली: समोर चार ठोकळे मांडायचे, पाचव्यानं त्यांवर विशिष्ट क्रमानं टकटक करायची, समोरच्यानं तीच नक्कल करून दाखवायची. शब्दाची गरज नाही. पुढे बुद्धिमापनात अशा शब्दाविना चाचण्यांचा मोठा पसारा झाला, त्याची एक मुळी या बेटावर आहे.

डॉक्टरांतून सुटलेला माणूस दालनातल्या बाकांवर बसायचा. बिल्ल्यावरचं पान पुकारलं की तीस जण उठून तपासनिसाच्या उंच मेजासमोर. माणशी साधारण दोन मिनिटं. म्हणजे एक कागद, एक तास. १७ एप्रिल १९०७ या एका दिवशी ११,७४७ माणसं आली. तीसने भागा: जवळजवळ ३९२ कागद, म्हणजे तेवढेच तास तपासनिसांचं काम, एका दिवसाचं. अशा गर्दीत दोन मिनिटं तरी सगळ्यांना मिळत असतील का, याची शंका घ्यायला जागा आहे.

या दोन मिनिटांतला सगळ्यात वाकडा प्रश्न नोकरीचा. 'इथे काम ठरलंय का?' गावाकडून निघालेल्या माणसाला वाटणार, हो म्हटलेलं बरं. काम ठरलेला माणूस कुणाला नको असेल? पण 'हो' म्हटलं की करारी मजुराचा १८८५ चा कायदा लागू, आणि परत. 'नाही, काहीच नाही' म्हटलं, तर हा सरकारच्या माथी बसणार, म्हणून परत. इकडे आड, तिकडे विहीर. चालणारं उत्तर मधलं होतं: काम ठरलेलं नाही, पण अंगात ताकद आहे, आणि भाऊ अमुक शहरात आहे, तो दोन दिवस ठेवून घेईल. हे उत्तर बोटीवरच एकमेकांकडून पाठ होऊन यायचं. १९०९ मध्ये तिथले आयुक्त विल्यम विल्यम्स यांनी खिशात २५ डॉलर आणि शिवाय पुढच्या गावचं रेल्वे तिकीट पाहिजे अशी सूचना काढली.

उत्तर फसलेल्याच्या नावापुढे खूण पडायची आणि तो तीन तपासनिसांच्या विशेष चौकशी मंडळापुढे जायचा. तिथे वकील चालत नसे. अडवण्याचं कारण यादीत आद्याक्षरांत लिहिलेलं असतं. 'एलपीसी' म्हणजे सरकारवर भार होण्याचा संभव. आज या याद्या इंटरनेटवर आहेत, आणि आपल्या घराण्याचा माग काढणारे एका गोष्टीवर हमखास अडखळतात. धंद्याच्या रकान्यात 'मजूर' या शब्दावर कुणीतरी आकडे खरडलेले असतात. ते तपासणीच्या वेळचे नसतात. १९२६ नंतर नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्याच्या आगमनाची खात्री करताना कारकून जुनी यादी काढायचा आणि त्याच ओळीवर अर्जाचा क्रमांक टाकायचा. मोकळी जागा दिसेल तिथे. म्हणजे ते आकडे दिसले तर आनंद माना, माणूस पुढे नागरिकत्वापर्यंत पोचल्याचा तो धागा आहे.

परत पाठवले गेले ते सगळे मिळून दोन टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण इथे एक मेख आहे. नाकारलेल्याला परत नेण्याचा खर्च १८९१ पासून जहाज कंपनीच्या डोक्यावर होता, आणि निघतानाच दिसायला हवा होता असा संसर्गजन्य रोगी आणला तर १९०३ पासून वर १०० डॉलर दंड. मग कंपन्यांनीच चाळणी युरोपात लावली. हॅम्बुर्गच्या हापाग कंपनीनं १९०१ मध्ये फेडेल बेटावर प्रवाशांसाठी वस्तीच उभारली: डॉक्टर, आंघोळी, कपड्यांचं निर्जंतुकीकरण, वेगळं ठेवायच्या खोल्या. अमेरिकेची सरहद्द अशी हॅम्बुर्गपर्यंत आली होती. तिथेच किती जणांचा प्रवास संपला, ते एलिस आयलंडच्या दोन टक्क्यांत कुठून दिसणार?

पश्चिम किनाऱ्यावरचं दार निराळं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंडवर १९१० ते १९४० ठाणं होतं. एलिस आयलंडचं काम धडधाकट माणसाला काही तासांत आत सोडायचं होतं, एंजल आयलंडचं काम चिन्यांना शक्य तेवढं अडवायचं होतं. तिथले मुक्काम दिवसांत, आठवड्यांत, काहींचे महिन्यांत मोजले गेले. लाकडी भिंतींवर लोकांनी चिनी कविता कोरल्या. इमारत पाडायच्या बेतात असताना १९७० मध्ये एका उद्यानरक्षकाचं लक्ष त्यांकडे गेलं, म्हणून त्या वाचल्या.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानं आणि आगीनं सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणीची दप्तरं खाक केली. आता 'मी इथेच जन्मलो' असं सांगणाऱ्या चिनी माणसाला खोटं ठरवणार कशावरून? जन्मानं नागरिक होतो हे सर्वोच्च न्यायालयानं १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात मान्य केलेलं होतं. नागरिकाची मुलं, चीनमध्ये जन्मली तरी, नागरिक. मग गावाकडे एक फेरी मारून आलेला माणूस 'मुलगा झाला' अशी नोंद करायचा, मुलगा झालेला असो नसो. नोंद झाली की जागा तयार. ती जागा दुसऱ्याच्या मुलाला विकता यायची. हे 'कागदी पुत्र'.

अधिकाऱ्यांना हे कळत होतं. सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रश्नांचा मारा सुरू केला. तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठल्या खोलीत? गल्लीत तुमचं घर कितवं, शेजारी कोण, त्यांना मुलं किती? विहीर कुठल्या बाजूला? असे शेकडो. बापाला वेगळं विचारायचं, मुलाला वेगळं, आणि उत्तरं ताडून बघायची. त्यामुळे प्रश्नोत्तरांच्या वह्या तयार झाल्या. मुलं बोटीवर पाठ करायची आणि बंदर दिसायला लागलं की वही समुद्रात टाकायची. गंमत अशी की खरा मुलगाही यात नापास व्हायचा. आपल्या घराच्या जिन्याला पायऱ्या किती, हे आत्ता न मोजता सांगून बघा. खोट्या मुलानं ते पाठ केलेलं असायचं.

आत येणं एक आणि नागरिक होणं दुसरं. १७९० च्या कायद्यानं नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' परदेशियाला मिळायचं. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. मधले सगळे अधांतरी. गोरा म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते न्यायालयांनी एकेक माणूस समोर उभा करून ठरवलं.

यातलं एक प्रकरण थेट मुंबईच्या ओळखीचं आहे. भिकाजी फ्रामजी बलसारा या पारशी गृहस्थांना न्यूयॉर्कच्या न्यायालयानं १९०९ मध्ये नागरिकत्व दिलं, सरकारनं अपील केलं, आणि १९१० मध्ये वरच्या न्यायालयानंही ते कायम ठेवलं. भारतातले पारशी हे हिंदूंपासून तितकेच निराळे, जितके भारतात राहणारे इंग्रज, असा साधारण युक्तिवाद. संजाणला उतरून हजारएक वर्षं झालेल्या, गुजरातीत भांडणाऱ्या समाजाबद्दल हे! पण तेव्हा ते बलसारांच्या पथ्यावर पडलं.

भगतसिंग थिंड यांचं नशीब उलटं. पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन, कातडीच्या रंगाचा संबंध नाही. थिंड यांना वाटलं, मग प्रश्नच मिटला. तेव्हाचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, त्याच न्यायालयानं सांगितलं की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. ते स्वतः इंग्लंडात जन्मून लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले.

या निकालाच्या जोरावर सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, नागरिक होऊ न शकणाऱ्यांना जमीन धरू न देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मालमत्ता गेली, आणि १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. हा सिलसिला थांबवला तो सखाराम गणेश पंडित या वकिलांनी. नाव वाचताच मराठी कान टवकारतात. लॉस एंजेलिसला वकिली करणारे पंडित १९१४ पासून नागरिक होते, थिंड यांचा खटला त्यांनी लढवला होता, आणि आता त्यांच्याच नागरिकत्वावर गदा आली होती. मी गोरा आहे की नाही, या खड्ड्यात ते या वेळी उतरलेच नाहीत. त्यांचं म्हणणं: हा प्रश्न १९१४ मध्ये न्यायालयासमोर येऊन निकालात निघाला, सरकारनं तेव्हा अपील केलं नाही, आता तोच निकाल पुन्हा उकरता येणार नाही, त्या निकालावर विसंबून मी धंदा केला, घर केलं, संसार केला. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं हे मानलं, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. वंशाच्या वादात हरलेली बाजू आधीच लागलेल्या निकालाच्या मुद्द्यावर जिंकली. वकील मंडळींना यातली लज्जत जास्त कळेल. थिंड यांना नागरिकत्व मिळालं ते १९३६ मध्ये, महायुद्धातल्या सैनिकांसाठी केलेल्या वेगळ्या कायद्याखाली.

तिकडे खानेसुमारीतही गोंधळ होताच. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकी जनगणनेत 'हिंदू' हा वंश आहे. कॅलिफोर्नियातले बहुसंख्य भारतीय शीख, काही मुसलमान, सगळे 'हिंदू'. १९७० मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० पासून 'एशियन इंडियन' असा स्वतंत्र चौकोन मिळाला, तोही भारतीयांच्या संघटनेनं पाठपुरावा केल्यावर. माणसं तीच, साठ वर्षांत तीन वंश फिरून आली.

तपासणीनं लोक थांबत नाहीत हे १९१७ पर्यंत लक्षात आलं होतं. त्या साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून साक्षरतेची अट आली. सोळा वर्षांवरच्या माणसानं कुठल्याही एका भाषेतले तीस ते चाळीस शब्द वाचून दाखवायचे. बायको, आई, आजी आणि पंचावन्नच्या पुढचा बाप यांना सूट. याच कायद्यानं भारतासह आशियाचा मोठा पट्टा नकाशावर रेघा मारून बंद केला. पण दक्षिण आणि पूर्व युरोपात तोवर शाळा पोचल्या होत्या, लोक वाचून दाखवायला लागले. मग कायदेवाल्यांनी माणसं तपासायचं सोडून माणसं मोजायला घेतली.

१९२१ चा हिशेब असा: १९१० च्या जनगणनेत अमेरिकेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक, त्यांच्या ३ टक्के दर वर्षी. इटलीत जन्मलेले तेव्हा साधारण १३ लाख ४३ हजार. ३ टक्क्यांनी चाळीस हजारांवर, युद्धानंतर इटलीला मिळालेल्या मुलखाची भर घालून कोटा ४२,०५७. शिवाय वर्षाच्या कोट्यापैकी एका महिन्यात २० टक्क्यांहून जास्त नाही. या शेवटच्या कलमानं काय केलं असेल? महिन्याच्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कच्या तोंडाशी जहाजं थांबून राहायची आणि बाराच्या ठोक्याला बंदराची रेघ ओलांडायला शर्यत लावायची. काही मिनिटं आधी रेघ ओलांडली तर मागच्या महिन्यात गणना, आणि तो कोटा भरलेला. मागे पडलात तर आपल्या देशाचा या महिन्याचा वाटा पुढच्या बोटीनं खाल्लेला. दोन्हीकडून परत जायची पाळी.

१९२४ मध्ये दोनच आकडे बदलले. ३ चे २ टक्के केले, आणि जनगणना १९१० ऐवजी १८९० ची घेतली. टक्क्यातली कपात सगळ्यांना सारखी होती. खरा डाव सालात होता. १८९० मध्ये अमेरिकेत इटालियन होते जेमतेम १ लाख ८२ हजार, कारण त्यांची लाट नंतरची. इटलीचा कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. जर्मनीला ५१,२२७ मिळाले. कुठल्याही वंशाचं नाव न घेता, नुसतं जुनं वर्ष निवडून एवढं साधता येतं.

हीही तात्पुरती सोय होती. कायमचं सूत्र 'राष्ट्रीय मूळ' म्हणून १९२९ पासून लागू झालं: दीड लाख जागा, आणि १९२० मधल्या गोऱ्या लोकसंख्येत ज्या देशाचं जितकं रक्त, तितका त्या देशाचा वाटा. आता नऊ कोटींहून जास्त माणसांचं रक्त कोणत्या देशाचं हे कसं काढायचं? सुरुवात १७९० च्या खानेसुमारीतल्या आडनावांपासून केली. आणि इथे ती नावांची भानगड वर येते. जर्मन 'श्मिट'चा 'स्मिथ' झालेला असला की तो गेला इंग्रजांच्या खात्यात. जर्मन, आयरिश वंशाच्या लोकांनी आरडाओरडा केला, अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली, विद्वानांची समिती बसली, आकडे सुधारले. तरी शेवटी ब्रिटनला ६५,७२१, म्हणजे एकूण १,५३,७१४ पैकी चाळीस टक्क्यांहून जास्त. जर्मनी २५,९५७ वर उतरला. ब्रिटनच्या जागा पुढची कित्येक वर्षं पुरत्या भरल्याच नाहीत आणि त्या दुसऱ्याला देता येत नव्हत्या.

या सूत्रातलं एक कलम सावकाश वाचण्यासारखं आहे. लोकसंख्या मोजताना कोण धरायचे नाहीत, त्याची यादी कायद्यातच आहे: गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, अमेरिकेचे मूळ रहिवासी, दोन्ही अमेरिका खंडांतल्या देशांतून आलेले, आणि नागरिकत्वाला अपात्र असलेले आशियाई. म्हणजे तिथे दोन-तीनशे वर्षं घाम गाळलेल्या काळ्या माणसांचं 'मूळ' आफ्रिकेत आहे, हे गणितापुरतं पुसून टाकलं. भारताच्या नावानंही १०० जागांचा कोटा होता. मात्र तो नागरिकत्वाला पात्र माणसांसाठी, आणि थिंड निकालानंतर भारतीय पात्र नव्हते. भारताचा कोटा भारतात जन्मलेल्या गोऱ्यांसाठी! भारतीयांना त्या शंभर जागा खऱ्या अर्थानं मिळाल्या २ जुलै १९४६ च्या कायद्यानं.

मेक्सिकोला कोटा नव्हता, कारण नैऋत्येच्या शेतमालकांना मजूर हवे होते. त्याऐवजी त्याच १९२४ मध्ये सीमा गस्तीदल आलं. आणि व्हिसा आता परदेशातल्या वकिलातीतच तपासून मिळायला लागल्यामुळे एलिस आयलंडची बाकं रिकामी पडली.

३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लिबर्टी पुतळ्याच्या पायथ्याशी बसून राष्ट्रीय मूळ पद्धत रद्द करणारा कायदा सही केला. सरकारच्या मूळ मसुद्यात कौशल्याला अग्रक्रम होता. प्रतिनिधिगृहातल्या उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीगन यांनी तो फिरवून कुटुंबाला अग्रक्रम द्यायला लावला. आडाखा सरळ: आज देशात युरोपीय जास्त, नातलगही युरोपातूनच येणार, चित्र आहे तसंच राहील. २४ टक्के जागा नागरिकांच्या भावाबहिणींना, उच्चशिक्षित व्यावसायिकांना आणि शास्त्रज्ञांना फक्त १० टक्के.

करायला गेले गणपती, झाला मारुती. पश्चिम युरोप तेव्हा भरभराटीत होता, भाऊबंद यायला फारसे उत्सुक नव्हते. त्या १० टक्क्यांच्या फटीतून मात्र भारतातले, फिलिपिन्सचे, कोरियाचे डॉक्टर नि इंजिनिअर आत आले. डॉक्टर ग्रीन कार्डावर आला की पाच वर्षांनी नागरिक. नागरिक झाला की आईवडील कोट्याबाहेरून, भाऊ भावाबहिणींच्या त्या २४ टक्क्यांतून, भावाबरोबर भावजय आणि मुलं. मग भावजयीचा भाऊ. अमेरिकेतल्या जुन्या महाराष्ट्र मंडळांच्या सभासद याद्या चाळल्या तर हा क्रम आडनावांवरून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. युरोपला टिकवण्यासाठी बांधलेली नळी आशियानं वापरली. उलट दोन्ही अमेरिका खंडांवर याच कायद्यानं पहिल्यांदा मर्यादा घातली, १९७६ मध्ये मेक्सिकोला वर्षाला २०,००० ची कमाल मर्यादा बसली, आणि पिढ्यान् पिढ्या हंगामी ये-जा करणारे मजूर एका आकड्यामुळे बेकायदा ठरले.

आजच्या रांगेचा आकडा १९९० च्या कायद्यातला आहे: नोकरीच्या मार्गानं वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात एका देशाला ७ टक्के, म्हणजे ९,८००. बायको-मुलं यातच धरलेली. आइसलँडलाही ७ टक्के, भारतालाही ७ टक्के. दुसऱ्यांच्या उरलेल्या जागा कधीमधी पुढे सरकतात, तरी व्हिसा बुलेटिनमधल्या, म्हणजे कोणत्या तारखेच्या अर्जांची पाळी आली ते सांगणाऱ्या सरकारी मासिक पत्रकातल्या, भारताच्या स्वतंत्र रकान्यातली तारीख बऱ्याच प्रकारांत दहा वर्षांहून जुनी असते. भावाबहिणीच्या प्रकारात पंधरा वर्षांहून जुनी. प्रायॉरिटी डेट म्हणजे अर्ज रांगेत लागल्याची तारीख, हे पुण्यातल्या आजीआजोबांनाही आता समजावून सांगावं लागत नाही. एकविसाव्या वर्षी मूल रांगेतून गळतं, हेही त्यांना माहीत असतं.

या रकान्यात माणूस पडतो तो पासपोर्टावरून नव्हे, जन्मस्थळावरून. नागपुरात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालात तरी रांग भारताची. पण नवराबायकोंपैकी दुसऱ्याच्या जन्मदेशाची रांग चालते. समजा बायकोचे वडील ऐंशीच्या दशकात कुवेतला नोकरीला होते आणि तिचा जन्म तिथल्या इस्पितळात झाला. वर्षाच्या आतच मायलेकी साताऱ्याला परत आल्या, पुढचं सगळं शिक्षण मराठी माध्यमात. तिच्या जन्मदाखल्यावरच्या एका ओळीमुळे नवरा भारताच्या रांगेतून उठून 'इतर सर्व देश' या रकान्यात बसतो, आणि त्याची पाळी कित्येक वर्षं आधी येते. मुलांना आईबापांची रांग लागते. आईबापांना मुलाची लागत नाही, मग ते मूल दुबईत जन्मलेलं असो की सिंगापूरला.